आधी थांबायला शिकवा

‘हुशार कुत्रा कुठला घ्यावा?’ हा प्रश्न हल्ली अंधेरी-बोरिवलीकडे शाळेच्या प्रवेशाइतक्या गांभीर्याने विचारला जातो. विचारणाऱ्याच्या घरी बऱ्याचदा आधीच एक मांजर असतं. कधीतरी पावसात जिन्याखाली सापडलेलं, आता सोफ्यावर मालकी सांगणारं. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणाला फारसं आवडत नाही. कुत्रा किती हुशार आहे ते मागाहून बघू, त्याला थांबता येतं का ते आधी सांगा. कुत्रा आणि मांजर एका छपराखाली नांदवायची असतील तर कुत्र्याच्या सगळ्या अकलेतली खरी कामाला येणारी अक्कल एवढीच.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. १९९३ च्या मार्चमधल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्रॅडॉर होता. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. २००० च्या नोव्हेंबरात तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला सरकारी इतमामात निरोप दिला गेला. लोक अजून त्याच्या नाकाचं कौतुक करतात. पण नाक काय, नाक्यावरच्या काळ्यालाही असतं. वडापावच्या गाडीवर तेल तापायच्या आधी तो हजर असतो. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वेगळं काय शिकवतात? वास लागला की भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही, तिथेच मुकाट बसायचं आणि आपल्या माणसाकडे बघायचं. उकरणं त्याच्या रक्तात आहे. जे हवं ते समोर आहे, आणि तरीही बसून राहायचं आहे. तुमचं मांजर ओट्यावरून उडी मारून बेडरूमकडे सुसाट पळतं, तेव्हा तुमच्या कुत्र्याकडून तुम्हाला नेमकं हेच हवं असतं.

आता जातींबद्दल. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात जातींची क्रमवारी दिली. पहिला बॉर्डर कॉली, मग पूडल, जर्मन शेफर्ड वगैरे. ती यादी आजही फोनवरून फिरते. ती तयार कशी झाली, हे मात्र तिच्यासोबत फिरत नाही. अमेरिका-कॅनडातल्या आज्ञापालनाच्या स्पर्धांचे जे परीक्षक, त्यांना विचारून ती केलेली आहे. म्हणजे माणसाचा हुकूम कोण चटकन उचलतो, एवढंच ती सांगते. घाटकोपरच्या वन बीएचकेमध्ये सकाळी नऊ ते रात्री आठ एकटं कोण राहू शकेल, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

बॉर्डर कॉली मेंढ्या वळण्यासाठी घडवलेला. नजर रोखायची, दबा धरायचा, आडवं जाऊन परत फिरवायचं. मेंढ्या नसल्या की तो मांजर वळतो. मांजराला वळून घ्यायची सवय नसते. ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि दोन दिवस जेवत नाही. मग मालक म्हणतो, ‘कुत्र्याला आमचं मांजर आवडत नाही.’ अहो, फार आवडतं, तीच तर पंचाईत आहे.

याच जातीच्या ‘चेसर’ नावाच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती. जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी तिला शिकवलं. २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. गोष्ट खरी आहे. फक्त ऐकताना एवढं लक्षात ठेवा, की त्या गृहस्थांनी तीन वर्षं रोज चार-पाच तास तिच्यासोबत घालवले. तुमच्याकडे रोज किती वेळ आहे? लोकल, ट्रॅफिक, मुलांचा क्लास जाऊन? उरलेला वेळ प्रामाणिकपणे मोजा आणि मग कुत्रा ठरवा. हुशार कुत्र्याला काम दिलं नाही तर ते तो स्वतः शोधतो. घरात मांजर असेल तर शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यापेक्षा आपला गावठी बरा. हे मी देशप्रेमातून म्हणत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात दोन झाकलेली भांडी ठेवून, थोड्या अंतरावरून एका भांड्याकडे क्षणभर हात दाखवायचा, एवढंच केलं होतं. बरीच कुत्री बिचकून जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी माणसाचा हात बघून भांडं निवडलं. कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. माणूस वाचायचा आणि मगच पाऊल टाकायचं, ही विद्या त्यांना गल्लीनेच दिली. त्यातही गल्लीत मांजरांसोबत वाढलेलं, बोक्याचा पंजा एकदा नाकावर खाल्लेलं पिल्लू मिळालं तर डोळे झाकून घरी न्या. निम्मं शिक्षण फुकटात झालेलं असतं.

मांजरवाल्यांना राग येण्याआधी त्यांच्याबद्दलही बोलतो. २०१७ मध्ये सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशी मोजल्या. कुत्र्याच्या सुमारे ५३ कोटी, मांजराच्या सुमारे २५ कोटी. यावरून घराघरांत भांडणं झाली असतील. माणसाच्या त्याच थरात सुमारे १,६०० कोटी असतात, आणि तरी लिफ्टमध्ये पट्ट्याला बांधलेलं पामेरियन बघून किंचाळणारे आपणच. तेव्हा नुसत्या मोजणीवर जाऊ नका. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की मांजराला आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखता येतं. हाक मारल्यावर येणं हा निराळा विषय.

मला यातून एक सरळ हिशेब दिसतो. कुत्रा तुमच्याकडे बघून शिकतो. मांजर घराकडे बघून शिकतं: वर चढायला कुठे जागा आहे, पळायची वाट कुठली, कुठे कुणी गाठू शकत नाही. म्हणून मेहनत कुत्र्यावर घ्या आणि घराची मांडणी मांजरासाठी बदला. आपण बरोबर उलटं करतो. मांजराला उचलून कुत्र्याच्या तोंडासमोर धरतो, ‘बघ, दादा आहे तुझा’ म्हणतो, आणि वर फोटो काढतो.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणणाऱ्याने शेपटापलीकडे कुत्रा पाहिलेला नसावा. थांबायला कुठलाही कुत्रा शिकतो. उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा घ्या. घरात मांसाहार चालत नसेल तर पनीर. मूठ बंद करून त्याच्या नाकापुढे धरा आणि काही बोलू नका. तो आधी चाटेल, मग नाकाने ढकलेल, मग पंजा मारेल. हात मागे घेऊ नका, रागावू नका. एका क्षणी तो कंटाळून तोंड बाजूला करेल, कदाचित तुमच्याकडे बघेल. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा दुसऱ्या हाताने द्या. एका बैठकीला पाच मिनिटं पुरे. काही दिवसांत मूठ दिसली की तो आपणहून मागे सरकून बसायला लागतो. मग उघडा तळवा, मग जमिनीवर ठेवलेला तुकडा, मग गडगडत जाणारा चेंडू. शेवटी खोलीतून जाणारं मांजर. प्रत्येक वेळी त्याला एकच गोष्ट कळते: झेप घेतली की हातचं जातं, थांबलं की मिळतं. आमच्या घरी कुत्री आता बोका पळाला की आधी माझ्याकडे बघते. पाठलाग करावासा तिला अजूनही वाटतो, ते तिच्या मागच्या पायांवरून कळतं. पण बघते.

दोघांना समोरासमोर आणायची घाई करू नका. पहिले काही दिवस मांजराला एक खोली द्या, दार बंद. वन बीएचके असेल तर बेडरूम त्याची, आणि घरच्यांनी थोडं सोसायचं. एकाच्या अंथरुणावरचं फडकं दुसऱ्याच्या जेवणाच्या ताटलीखाली ठेवा. वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर. मग जाळीच्या दाराच्या, म्हणजे आपल्या सेफ्टी डोअरसारख्या आडोशाच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवायला घाला, पहिल्यांदा लांब, हळूहळू जवळ. त्यानंतर एका खोलीत, कुत्रा पट्ट्याला बांधून आणि चांगला फिरवून दमवून आणलेला. मांजराला कपाटावर, फ्रीजवर, माळ्यावर जायची वाट मोकळी हवी. ते वरून बघत बसलं तर निम्मं काम झालं असं समजा. हे सगळं चार दिवसांत उरकेल किंवा दोन महिने लागतील. वेळापत्रक मांजराच्या हातात असतं.

या काळात कुत्र्याचं तोंड बघत जा, शेपटीवर जाऊ नका. तोंड उघडं, जीभ बाहेर, अंग सैल असेल तर हरकत नाही. तोंड मिटलं, कान पुढे आले, अंग ताठ झालं आणि नजर मांजरावर खिळली, की मधे उभे राहा, त्याला शांतपणे हाक मारून दुसरीकडे न्या. ओरडू नका, ओरडणं त्याला तुमचाही पाठिंबा वाटतो. दोघांच्या अंगभाषेत उलटसुलट बरंच आहे. कुत्रा शेपूट हलवतो ते बहुधा खुशीत, मांजर शेपूट आपटतं ते वैतागून. कुत्रा उताणा पडला तर ‘तू मोठा’ म्हणतो किंवा पोट खाजवून मागतो. धरलेलं मांजर उताणं पडलं की चारही पंजे लढायला मोकळे करतं. तरीही दोघं एकमेकांची भाषा शिकतात. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही प्राणी असलेली घरं पाहून २००८ मध्ये हे मांडलं: लहानपणी एकत्र आलेल्यांचं बहुतेक जमतं, आणि मांजर आधी घरात असलं तर जास्त जमतं. मांजर सहा महिन्यांच्या आतलं आणि कुत्रा वर्षाच्या आतला असेल तर उत्तम. तेव्हा दोन्ही आणायचीच असतील तर मांजराला पहिला मान द्या.

हा पुढचा परिच्छेद वाचून बाकीचं सोडलंत तरी चालेल. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर घालायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला ते विष आहे. कुत्र्याला घातलं आणि मांजर त्याच्या अंगाला घासलं किंवा त्याला चाटलं, तरी झटके येऊन ते मरू शकतं. दुकानात गोचिडीचं औषध मागताना ‘घरात मांजर आहे’ हे वाक्य आधी बोला, आणि पाकिटावरचं नाव वाचून किंवा डॉक्टरांना दाखवूनच घ्या. तसंच पॅरासिटामॉल. ताप वाटतोय म्हणून आपली क्रोसिन अर्धी करून मांजराला दिली जाते आणि त्यात मांजर जातं. कुत्र्यालाही ती परस्पर देऊ नये. कांदा, लसूण दोघांनाही नको, मनुके-द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला अजिबात नको. फुलदाणीतली लिली मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करते, लग्नसराईत घरी पुष्पगुच्छ येतात तेव्हा आठवण ठेवा.

जेवणाचं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच मिळतो; नाही मिळाला तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला रोजचं म्हणून चालत नाही. मुलुंड-घाटकोपरकडे शाकाहारी घरं पुष्कळ, आणि तिथे मांजर दूध-पोळीवर वाढवायची हौसही पुष्कळ. कुत्र्याचं डॉक्टरांच्या सल्ल्याने शाकाहारावर भागू शकतं. मांजराचा धर्म बदलता येत नाही. घरात शिजवायचं नसेल तर तयार खाण्याची पाकिटं मिळतात. तीही आणवत नसतील तर मांजर पाळू नका, कुत्रा पाळा. आणि दूध? मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, चित्रात कितीही शोभलं तरी. मांजराची ताटली उंचावर ठेवा, नाहीतर कुत्रा तीही संपवेल. रेतीचा ट्रे बाथरूममध्ये, दार मांजर जाईल एवढंच उघडं. कारण विचारू नका. कुत्रा पाळलाय त्यांना माहीत आहे.

मुंबईच्या पावसाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. जून ते सप्टेंबर कुत्र्याचं फिरणं निम्म्यावर येतं आणि ती न खर्चलेली ताकद घरात मांजराच्या मागे लागते. त्या दिवसांत नाकाला काम द्या. जुन्या टॉवेलच्या घड्यांत, अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पोळीचे तुकडे लपवा आणि शोधायला सांगा. पंधरा मिनिटं हुंगून कुत्रा चांगला दमतो. साचलेल्या पाण्यातून त्याला नेऊ नका, लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर द्या.

आणि विसर्जनाचे ढोल, दिवाळीचे फटाके. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेली जोडी याच दिवसांत बिघडते. घाबरलेलं जनावर जो जवळ असेल त्याच्यावर उलटतं. सुतळी बॉम्ब वाजला, कुत्रा दचकून उठला, तो नेमका मांजराच्या अंगावर, आणि मांजराने डोळ्यावर पंजा मारला. पुढे कित्येक आठवडे दोघांना एकमेकांची भीती. आवाज सुरू व्हायच्या आधीच दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दारं उघडा.

घराबाहेरचं थोडक्यात. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत स्पष्ट आहे. सेक्रेटरींशी भांडण्याआधी मात्र आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलतो का ते बघा, महापालिकेकडे त्याची नोंद आणि रेबीजची लस झाली आहे का तेही. आवारातल्या कुत्र्या-मांजरांना खायला घालणाऱ्यांनी दोघांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात: मांजरांना कुंपणाच्या भिंतीवर, कुत्र्यांना खाली आणि लांब. भुकेल्या टोळीच्या मधोमध मांजराची वाटी ठेवणं म्हणजे त्याला आमिष म्हणून वापरणं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यात कुठेही नव्हे, नेमलेल्या जागीच खाऊ घाला असं बजावलं आहे. नसबंदी दोघांचीही करून घ्या. चावलं किंवा ओरबाडलं, कुत्रा असो की मांजर, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘मांजरच तर आहे’ म्हणून घरी बसू नका.

बोरिवलीचा पूर्वेकडचा पट्टा, मुलुंडच्या डोंगराकडच्या इमारती, आरेची कड इथे राहणाऱ्यांना बिबट्याची ओळख करून द्यायला नको. राष्ट्रीय उद्यानातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजारांपर्यंत कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ च्या एका अभ्यासात मांडला होता. कुत्रा कितीही हुशार असो, अंधार पडल्यावर मोकळा सोडू नका. मांजरही आत घ्या. उंच मजल्यावर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी हवी. कबुतरामागे झेपावलेल्या मांजराला मजला मोजता येत नाही.

काही कुत्र्यांचं मांजराशी कधीच जमत नाही, हेही सांगून ठेवतो. महिनोन्महिने सराव करूनही नजर हटत नसेल, एकदा जरी त्याने मांजराला तोंडात धरून झटकलं असेल, तर पुन्हा आशेवर राहू नका. दोघांना दोन खोल्या आणि दोन वेळा द्या, किंवा ज्या नातेवाइकाकडे मांजर नाही त्याच्याकडे कुत्रा सोपवा. त्यात लाज नाही. दुसरा प्राणी अजून घरात आलेलाच नसेल तर गोष्ट सोपी आहे. या रविवारी मूठ बंद करून कुत्र्यासमोर बसा आणि तो किती वेळाने तोंड फिरवतो ते बघा. मांजराचं पिल्लू कधी आणायचं ते त्यानंतर ठरवा.